पाळी थांबल्यावर हाडं कशी जपावीत?

आधी एक हिशेब मांडा: तुमची पाळी कोणत्या वर्षी थांबली? हाडं धरून ठेवणारं इस्ट्रोजेन पाळी जाताना कमी होतं आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात.

मराठवाड्यात हा हिशेब कितीतरी जणींसाठी फार लवकर सुरू होतो. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तुमची पिशवी काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा आणि डॉक्टरांना विचारा, अंडाशय ठेवलेत की तेही काढलेत? काढले असतील तर झीज तेव्हापासूनच सुरू झाली. ठेवले असले तरी त्यांचं काम लवकर थांबू शकतं. म्हणून पन्नाशीची वाट पाहू नका, माय.

आता ताट बघा. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या भाकरीने पोट भरतं, पण 100 ग्रॅम पिठात कॅल्शियम जेमतेम 30 मिलिग्रॅम. तेवढ्याच नाचणीत 350 च्या आसपास. तेव्हा भाकरीच्या पिठात थोडी नाचणी मिसळा, रोज तिळाची चटणी करा, शेवग्याचा पाला वरणात टाका. दूध डेअरीला घालण्याआधी पेलाभर स्वतःसाठी काढून ठेवा, दही-ताक सोडू नका. डाळ, मटकी, अंडी यांतलं प्रथिनही हाडांना लागतंच.

खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि ते उन्हामुळे कातडीत तयार होतं. रानात दिवसभर ऊन लागतं, मग ड जीवनसत्त्व कमी कसं, असं बायका विचारतात. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट रुमाल असतो, कातडीपर्यंत ऊन पोचतच नाही. दहा-अकराच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं हात कोपरापर्यंत उघडे ठेवा. उन्हाळ्यात जरा आधी बसा.

रोज अर्धा तास झपझप चाला, भिंतीला धरून टाचा वर-खाली करा. ओझं उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात बसून उचला. मिश्री आणि तंबाखू सोडा. न्हाणीतलं शेवाळ घासून काढा. मनगट आणि खुबा पडूनच मोडतात.

कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. मुतखडा झालेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ड जीवनसत्त्वाच्या पुड्याही मनाने महिनोन्‌महिने घेत राहू नका.

साध्या एक्स-रेत झीज बरीच उशिरा दिसते; त्यासाठी हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी डेक्सा तपासणी असते. तिचा टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर ते ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आणि त्यावर औषधं आहेत. पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, आईचा खुबा मोडला असेल, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील, उंची कमी झाली असेल किंवा जरा पडल्यावर हाड मोडलं असेल, तर ही तपासणी स्वतःहून मागा.