रेडियम कापताय? स्कॅनपासून कटिंगपर्यंतच्या या चुका टाळा

आमच्या पुण्यातल्या नारायण पेठेतल्या दुकानात प्लॉटरच्या, म्हणजे रेडियम (स्टिकरचं रंगीत चिकट प्लास्टिक) पात्याने कापणाऱ्या मशीनच्या, वर एक कागद चिकटवलाय : 'व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लोगो जसाच्या तसा कापून मिळणार नाही. कारण विचारल्यास सांगू, पण वेळ लागेल.' तरी गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात रोज कोणी ना कोणी मोबाइल पुढे करतोच. शिवाय आता कित्येकांनी घरीच छोटा कटर घेतलाय आणि तेही अडले की इथेच येतात. म्हणून ते कारण एकदाचं लिहूनच काढतो.

प्रिंटर ठिपके मारतो. प्लॉटरला ठिपकेही कळत नाहीत आणि रंगही. पातं कुठून कुठे न्यायचं, एवढी रेघ त्याला लागते. स्कॅनमध्ये ती रेघ नसते, नुसते पिक्सेल असतात. त्या पिक्सेलांवरून रेघ काढायचं काम ट्रेसिंगचं, आणि ट्रेसिंग फार आज्ञाधारक असतं. दिलेली घाणसुद्धा ते इमानेइतबारे गिरवतं.

आता व्हॉट्सअ‍ॅपचं. फोटो म्हणून पाठवला की चित्र लहानही होतं आणि जेपेगमध्ये आणखी दाबलंही जातं. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं, त्यामुळे अक्षराच्या कडेला राखाडी भुसा साचतो. स्क्रीनवर तो दिसत नाही, ट्रेसिंगला दिसतो. मग जी कड चार नोडमध्ये, म्हणजे रेघेवरच्या चार बिंदूंत, व्हायची तिच्यावर तीनशे नोड येतात. प्लॉटर प्रत्येक नोडला अडखळतो, पातं थरथरत वळतं, रेडियम कोपऱ्यात उचललं जातं आणि माणूस म्हणतो, 'मशीन खराब आहे.' मशीन ठणठणीत असतं. वायरफ्रेममध्ये, म्हणजे रंगाशिवाय नुसत्या रेघा दिसतात तिथे, फाइल उघडून बघा, कड करवतीसारखी दिसेल.

माझी सवय सांगतो. आधी मूळ कागद मागतो. लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, जुनी पावती, काहीही चालतं. तो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल), ग्रेस्केलमध्ये म्हणजे राखाडी छटांत स्कॅन करतो. थेट काळं-पांढरं स्कॅन करत नाही, कारण मग काळं कुठे संपतं हे स्कॅनर ठरवतो, आणि ते मला स्वतः ठरवायचं असतं. मग गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्सने काळं-पांढरं ठळक करतो, त्यानंतर थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या राखाडीपर्यंत काळं धरायचं ती सीमा. कागद नाहीच मिळाला तर निदान चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगतो. तेही नसेल तर आहे ते चौपट मोठं करून, किंचित ब्लर मारून मग थ्रेशोल्ड. याने कड गुळगुळीत होते, पण हरवलेला तपशील परत येत नाही. आणि कृपा करून वर्तुळ ट्रेस करू नका! वर्तुळ काढायचं असतं. चौकट, सरळ रेघ, चांदणी, सगळंच. वीस मिनिटांत हाताने होणाऱ्या लोगोवर लोक तासभर स्लायडर सरकवत बसतात आणि वर त्याला शॉर्टकट म्हणतात.

दुसरी चूक देवनागरीची. इंग्रजीतले धडे बघून शिकलेल्यांना ती कोणी सांगतच नाही.

एका ढोल-ताशा पथकाचं काम होतं. चाळीस ढोलांवर नाव लावायचं. नाव इथे सांगत नाही, पण त्यात दोन अनुस्वार होते. जुनं लेटरहेड मिळालं, स्कॅन स्वच्छ आला. दुकानात नवीन लागलेल्या मुलाने इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केलं. कागदाचे बारीक डाग येत होते म्हणून त्याने 'स्पेकल्स'चा, म्हणजे किती पिक्सेलांपर्यंतचा ठिपका डाग धरायचा त्याचा, आकडा वाढवत वाढवत २०० वर नेला. डाग गेले, पोरगं खूश. त्या लेटरहेडवरचा अनुस्वार जेमतेम अर्धा मिलिमीटर. ६०० डीपीआयला तो बारा पिक्सेल रुंद होतो, म्हणजे साधारण ११० पिक्सेलांचा ठिपका. दोनशेच्या आतलं सगळं डाग, असं सांगितल्यावर सॉफ्टवेअर बिचारं दुसरं काय करणार?

चाळीस नावं कापली, सोलली, टेप लावून दिली. मीही वरवर बघितलं, हे कबूल करतो. नदीपात्रात सराव चालू होता, तिथेच पोरांनी ढोलांवर लावूनही टाकली. संध्याकाळी पथकातल्या एका काकांचा फोन आला. आवाज एकदम शांत. 'अहो, तुमच्याकडे अनुस्वाराचे वेगळे पैसे पडतात का?'

रात्री साडेअकरापर्यंत मोबाइलच्या उजेडात चिमट्याने ऐंशी ठिपके लावले. त्यातले काही दुसऱ्या दिवशीच्या सरावात गळून पडले, ते परत जाऊन लावले.

तेव्हापासून डाग आकड्याने काढत नाही. गिंपमध्ये पांढरा ब्रश घेऊन हाताने पुसतो, स्पेकल्स अगदी कमी ठेवतो. ट्रेस झालं की खाली मूळ स्कॅन फिका करून ठेवतो आणि अनुस्वार मोठ्याने मोजतो. दुकानात हसतात, हसू देत. आणि तीन मिलिमीटरच्या खालचा ठिपका कापत नाही, थोडा फुगवतो. एवढ्याशा ठिपक्याला धरायला गोंदच पुरत नाही.

याचंच भावंड म्हणजे शिरोरेषा. स्कॅन वाईट म्हणून नाव नव्याने टाइप केलं, तर प्रत्येक अक्षर आपली शिरोरेषा घेऊन येतं आणि शेजारच्यावर थोडं चढतं. स्क्रीनवर एकसंध दिसतं. प्लॉटर मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि सोलताना शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये आधी कंट्रोल-क्यूने कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांच्या रेघा होतील, मग अक्षरं सुटी करून वेल्ड करा, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच कड होईल. कंबाइन नव्हे! कंबाइन केलं की जिथे दोन शिरोरेषा एकमेकींवर येतात तिथे भोक पडतं. दोन्ही बटणं दिसायला सारखी वाटतात म्हणून घाईत हेच होतं, आणि फाइल पाठवणारा 'मी जोडलंय की' म्हणून वाद घालतो. वायरफ्रेम बघा, वाद मिटतो.

बाकीच्या चुका पटापट. एज डिटेक्शनने ट्रेस करू नका, एका कडेच्या दोन कडा मिळतात. आउटलाइनला जाडी दिली असेल तर ती ऑब्जेक्टमध्ये बदला, कोरलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-क्यू. प्लॉटर जाडी बघत नाही, मधूनच कापतो. ट्रेस झाल्यावर खालचं मूळ चित्र फाइलमधून काढून टाका. काचेच्या आतून लावायचं असेल किंवा टी-शर्टवर दाबायचं असेल तर आरशातल्यासारखं उलटं करा. प्लॉटरला पाठवायच्या पीएलटी फाइलमध्ये एका इंचाला १०१६ एकक धरतात. दोन सॉफ्टवेअरचं यावर एकमत नसेल तर माप बदलतं, म्हणून कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन ठेवा आणि कापून पट्टीने मोजा.

तोच चौकोन सोलूनही बघा. रेडियम सुटलं आणि खालच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला, तर दाब बरोबर. कागद फाटला तर पातं फार बाहेर आलंय. हे बघायला दोन मिनिटं लागतात, आणि गिऱ्हाईक समोर घड्याळ बघत उभं असलं तरी मी ती घेतोच.