पी-टू-पी कर्ज: पैसे देण्याआधी माझी वही काय विचारते

सांगलीतल्या एका पतसंस्थेत २१ वर्षं वसुली केली. जामीनदाराच्या दारात सकाळी सातला जाऊन बसलं की निम्मं काम व्हायचं. आता मोबाइलवरून, पी-टू-पी म्हणजे माणसाने थेट माणसाला कर्ज द्यायच्या प्लॅटफॉर्मवर, अनोळखी माणसांना कर्ज देतो. तिथं ना दार, ना जामीनदार. म्हणून आधी गणित.

१,००० रुपये, १८ टक्के, १२ महिने. हप्ता ९१.६८. वर्षाचं व्याज १८० होईल असं वाटतं, पण मुद्दल दरमहा उतरतं, म्हणून हाती येतात जेमतेम १००. तीन हप्ते भरून माणूस थांबला, तर ७२५ अडकले. शंभरांत असे बारा निघाले की बाकीच्यांचं व्याज साफ. प्लॅटफॉर्मची फी वेगळीच. रिझर्व्ह बँक एका कर्जदाराला ५०,००० पर्यंत देऊ देते. मी हजाराच्या वर जात नाही.

सिबिल स्कोअर, म्हणजे जुन्या कर्जफेडीचे गुण, बघतोच, पण तो मागचं सांगतो. पगारातून चालू हप्ते वजा करून उरतं काय, ते आधी काढा. ३०,००० पगार आणि १७,००० हप्ते असतील, तर स्कोअर ७८० असला तरी मी सोडतो. गेल्या तीन महिन्यांत चार ठिकाणी कर्ज मागितलेला माणूसही नको.

पैसा कधी येतो, हेही बघा. तासगावकडच्या एका बेदाणावाल्याला मी दिले होते. माणूस खोटा नव्हता. माल विकला की पैसे, हप्ता मात्र दर महिन्याला. चौथ्यालाच अडला. चूक माझी.

अर्जांचे गट पाडून वहीत लिहा: उरणारी रक्कम, किती ठिकाणी कर्ज मागितलं, उत्पन्नाची पद्धत. बुडीत मोजताना मुदत संपलेलीच कर्जं धरा. चालू कर्ज नव्या जावयासारखं, पहिले काही महिने गुणीच दिसतं. प्लॅटफॉर्म झपाट्याने वाढत असेल तर नव्या कर्जांच्या गर्दीत बुडीताचा टक्का आपोआप लहान दिसतो. म्हणून कुठल्या महिन्यात दिलेल्या कर्जांचा आकडा आहे, ते विचारा. आणि गटात आठच कर्जं असतील, तर एक बुडालं म्हणून टक्केवारी काढत बसू नका.

'परताव्याची हमी' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. बुडीत प्लॅटफॉर्मने सोसायचं नाही, ते देणाऱ्याचंच, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

पहिलाच हप्ता चुकला, की मी वहीत लाल शाईने गोल करतो. त्या गटातल्या पुढच्या अर्जाला महिनाभर हात लावत नाही.