रिअर व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्स कारला पुढे मोटर लावताय? या चुका टाळा

शेवरोलेची कॉर्व्हेट ई-रे ही हायब्रिड स्पोर्ट्स कार आल्यापासून, फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढे मोटर लावायचं हे खूळ जास्तच वाढलंय. इंजिन सीटच्या मागे, ६.२ लिटरचा व्ही८, तो मागची चाकं फिरवतो, पुढे १६० हॉर्सपॉवरची इलेक्ट्रिक मोटर, आणि दोघांच्या मध्ये शाफ्ट वगैरे काही नाही. वाचल्यावर वाटतं यात काय मोठंसं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ठोकलेल्या हायब्रिडची मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीचा डीसी करंट मोटरसाठी एसी करणारा डबा) शोधू, ब्रॅकेट बनवू, झाली ऑल व्हील ड्राइव्ह. खरं सांगायचं तर मोटर बसवणं जमतं, फॅब्रिकेटर चांगला हवा फक्त. घोळ होतो तो नंतर, कारण पुढची चाकंसुद्धा आता ओढतायत हे गाडीच्या बाकी कॉम्प्युटरना कुणी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच आहे. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या चाकांकडे बघून ठरवतो की गाडी किती स्पीडने चाललीय, कारण ती मोकळी फिरतात, पॉवरमुळे घसरत नाहीत. मागची त्यांच्यापेक्षा जोरात फिरायला लागली की तो इंजिनची ताकद कमी करतो. आता पुढे मोटर लावली आणि पावसात फ्लायओव्हरच्या लोखंडी जॉइंटवर पुढची चाकं घसरली तर त्याला वाटतं गाडीच जोरात चाललीय, मग मागची घसरतायत ते त्याला दिसतच नाही, आणि शेपटी बाहेर. उलटंही होतं, मागची चाकं बरोबर फिरत असतात पण पुढच्यांच्या मानाने हळू दिसतात म्हणून ती लॉक होतायत असं समजून एबीएस मागचा ब्रेक सोडायला बघतो. यावर काही गॅरेजवाले ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरताना सावरणाऱ्या सिस्टिमचा, फ्यूज काढून देतात आणि म्हणतात आता डॅशबोर्डवरचा दिवा नाही येणार. दिवा तर उलट पेटूनच राहतो, आणि हा इलाजही नव्हे. मोटरच्या कंट्रोलरला गाडीच्या कॅन लाइनवरून (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती वायर) चारही चाकांचे स्पीड मिळाले पाहिजेत, सोबत वेग आणि वळणं मोजणारा स्वतःचा सेन्सर पाहिजे, आणि एबीएस चालू झाल्याचा सिग्नल आला की पुढच्या मोटरने ओढणंही सोडायचं आणि रीजनही (मोटरने चाकं अडवून बॅटरी चार्ज करणं), त्याच क्षणी. रीजन विसरतात लोक हमखास. ओल्या पेव्हर ब्लॉकवर पुढच्या चाकांना जोरात रीजन दिलं तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

दुसरं, गिअरिंगचं गणित आधी करा, मोटर विकत घ्यायच्या आधी. टायरचा घेर साधारण २ मीटर धरा आणि रिडक्शन ९ ला १, म्हणजे मोटर ९ वेळा फिरली की चाक एकदा. मोटरची मर्यादा १२,००० आरपीएम असेल तर ती गाठली जाते ताशी १६० किमीच्या स्पीडला. इंजिन तर त्याच्या पुढे आरामात नेतं, आणि मोटर चाकांना जोडलेलीच असते म्हणून तीही ओढली जाते. पर्मनंट मॅग्नेटची असेल तर नुसती फिरल्यावरही व्होल्टेज तयार करते, ते बॅटरीच्या वर गेलं की इन्व्हर्टरची वाट लागते. म्हणून वरच्या स्पीडला मोटर सुटी करणारा क्लच लागतो, ई-रे मध्येसुद्धा १५० मैल म्हणजे ताशी २४० किमीच्या आसपास पुढची मोटर बाजूला होते. "मुंबईत कुठे १६० जातो भाऊ" हे उत्तर मी ऐकलंय, आणि तेच भाऊ रविवारी पहाटे एक्सप्रेसवेला असतात.

बॅटरीबद्दल एकच बघा, किलोवॅट-आवर (साठा किती) आणि किलोवॅट (एका वेळी ताकद किती) यात गफलत करू नका. ई-रे चा बॅटरी पॅक फक्त १.९ किलोवॅट-आवरचा आहे, आणि मोटर घेते साधारण ११९ किलोवॅट. म्हणजे फुल दाबलं तर कागदावर मिनिटभरसुद्धा पुरत नाही. तो पॅक एवढ्या झटक्याने देण्यासाठीच बनवलाय. साध्या हायब्रिड सेदानचा पॅक साइजने तेवढाच असू शकतो पण तेवढा करंट त्यातून ओढाल तर सेल तापून व्होल्टेज बसतं आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

यातूनच तो घाटातला प्रॉब्लेम येतो. बोरघाट चढताना पॅक रिकामा होतो, आणि तो वळणाच्या मधोमध झाला तर पुढची चाकं अचानक ओढायची थांबतात, चारही चाकांनी ओढणारी गाडी वळणातच फक्त मागच्या दोन चाकांवर येते. उतरताना उलट, पॅक भरला की रीजन बंद आणि ब्रेक पेडलचा फील एकदम बदलतो. खाली थोडा चार्ज राखून ठेवायचा, वरही थोडी जागा ठेवायची, आणि टॉर्क हळूहळू उतरवायचा, एकदम कापायचा नाही. फार ट्यूनिंग लागतं याला, घाई करू नका.

आता पावसाळा. लक्षण ठरलेलं असतं, कोरड्यात गाडी मस्त, हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून एकदा गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टिम रेडी होत नाही, काँटॅक्टर, म्हणजे बॅटरी सर्किटला जोडणारे मोठे स्विच, लागतच नाहीत. लोक लगेच बॅटरीला नावं ठेवतात. बहुतेक वेळा इन्सुलेशनचा फॉल्ट असतो, म्हणजे हाय व्होल्टेजचा करंट गाडीच्या बॉडीकडे झिरपतो. एका गॅरेजात अशाच गाडीच्या पुढच्या मोटरच्या केशरी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलचा कनेक्टर उघडताना मी बघत होतो, रबरी सील खोबणीत नीट बसलं नव्हतं, एका बाजूला दुमडलेलं, आणि पिनच्या मुळाशी हिरवट थर. एवढ्याने गाडी बंद. शोधायची पद्धत अशी: हाय व्होल्टेजचे ग्लोव्हज घालून सर्व्हिस प्लग (बॅटरीचं सर्किट तोडणारा) काढा, किमान दहा मिनिटं थांबा, ग्लोव्हज तसेच ठेवून मीटरने शून्य बघा, मग मोटर, केबल, एसी कॉम्प्रेसर एकेक सुटं करून मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावा. इन्व्हर्टर जोडलेला ठेवून मेगर मारायचा नाही, तो उडतो. डीसी बाजूला दर व्होल्टमागे किमान १०० ओहम हवेत, म्हणजे ३०० व्होल्टच्या पॅकला ३०,००० ओहम, आणि आपल्या हवेत त्याच्या कितीतरी वर राहिलेलं बरं.

बाकी पटकन: मोटर आणि इन्व्हर्टरचं कूलंट इंजिनच्या रेडिएटरला जोडू नका, इंजिन ९० डिग्रीला खूश असतं, इन्व्हर्टर नाही. पुढचे हब आधी बघा, रिअर व्हील ड्राइव्हमध्ये त्यात स्प्लाइन, म्हणजे अ‍ॅक्सल अडकवायचे दाते, असतीलच असं नाही. इंजिन पुढे असलेल्या गाडीत, मस्टँगसारख्या, मोटरला मुळात जागाच कुठे आहे?

आणि आरटीओ. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालणार नाहीत. हायब्रिड किट लावायचा कायदेशीर रस्ता आहे, पण त्यासाठी एआयएस-१२३ या अशा किटसाठीच्या भारतीय स्टँडर्डप्रमाणे मंजूर झालेलं किट लागतं आणि बदल आरसीवर चढवावा लागतो. भंगारातून जुळवलेल्या सिस्टिमला हे मिळणं जवळपास अशक्य, म्हणजे ती गाडी ट्रॅकवरच, आणि तिथेही ट्रेलरवरून. रस्त्यावर आणून ठोकली तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर बोनेट उघडल्यावर पहिल्यांदा त्या केशरी केबलीच बघेल.