आधी सांगा, टर्मिनल कोणतं?

दुबईला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी फोनवर हाच प्रश्न पहिला विचारतो. विमान किती वाजता पोचतं, कंपनीने राहायची सोय कुठे केली आहे, हे सगळं नंतर. पोरं वैतागतात. "काका, दुबई एअरपोर्ट म्हणजे दुबई एअरपोर्ट ना?" नाही रे बाबा. टर्मिनल १ आणि ३ शेजारी शेजारी आहेत, गरहूदच्या बाजूला. टर्मिनल २ धावपट्ट्यांच्या पलीकडे, कुसैसच्या अंगाला. नकाशात हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मधून विमानं धावतात, त्यामुळे गाडीला सगळा वळसा मारून जावं लागतं.

माझा मावसभाऊ पहिल्यांदा आला तेव्हा मी तिकीट न बघताच निघालो. तासभर टर्मिनल ३ च्या कठड्यापाशी उभा होतो आणि हा पठ्ठ्या टर्मिनल २ च्या बाहेर, ऑगस्टच्या उकाड्यात, मांडीवर लोणच्याची बरणी घेऊन बसलेला. तेल गळून बरणीवर गुंडाळलेला लोकसत्ता पारदर्शक झाला होता. चूक माझीच. एमिरेट्स टर्मिनल ३ वर उतरते. फ्लायदुबई बहुतेक टर्मिनल २ वर, तरी तिची काही उड्डाणं ३ वरूनही असतात. बाकीच्या बऱ्याच कंपन्या १ वर. पण हा झाला ढोबळ हिशोब, तिकिटावर छापलंय तेच खरं.

मी २००१ साली डोंबिवलीहून आलो, कार्गोच्या धंद्यात. त्यामुळे या विमानतळाची कुंडली मला जरा जास्तच पाठ आहे, आणि ती थोडी तुम्हालाही सांगतो, कारण घर कुठे बघायचं याचं उत्तर तिच्यात आहे.

सुरुवात खाडीतून झाली. १९३७ साली इम्पीरिअल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमानं दुबईच्या खाडीत थांबावीत म्हणून करार झाला. भाडं महिना ४४० रुपये, पहारेकऱ्यांचा पगार धरून. हो, रुपयेच! तेव्हा इथे आपलंच चलन चालायचं. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६६ मध्ये तोही गेला. जमिनीवरचा विमानतळ ३० सप्टेंबर १९६० ला सुरू झाला, तोही दाबून घट्ट केलेल्या वाळूच्या १,८०० मीटर पट्टीवर. शेजारी शारजात विमानतळ असताना दुबईला वेगळा कशाला, असं इंग्रजांचं म्हणणं होतं. दुबईचे तेव्हाचे राज्यकर्ते शेख रशीद यांनी ते मनावर घेतलं नाही. पाच वर्षांत डांबरी धावपट्टी झाली. १९८५ च्या ऑक्टोबरात एमिरेट्स सुरू झाली ती पाकिस्तानच्या सरकारी विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या विमानांवर, आणि पहिल्या मार्गांमध्ये कराचीसोबत मुंबई आणि दिल्ली होती. म्हणजे आपली ये-जा या विमान कंपनीच्या बारशापासूनची आहे.

पुढचं तर आम्ही डोळ्यांदेखत पाहिलं. २००८ मध्ये टर्मिनल ३ उघडलं, २०१३ च्या सुरुवातीला ए-३८० या दुमजली विमानांसाठी खास कॉन्कोर्स ए (विमानात चढायच्या दारांची इमारत) आला, २०१६ मध्ये टर्मिनल १ साठी कॉन्कोर्स डी. आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या संख्येत २०१४ मध्ये हीथ्रोला मागे टाकलं, ते आजवर. २०२४ मध्ये ९ कोटी २३ लाख प्रवासी इथून गेले-आले, त्यात सर्वांत जास्त भारतातले, सुमारे १ कोटी २० लाख. पहाटेच्या वेळी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहिलात की या आकड्याचा अर्थ कळतो.

आता अडचण अशी की हे सगळं दोनच धावपट्ट्यांवर चालतं. त्याही एकमेकींच्या इतक्या जवळ, की दोन्हींवर स्वतंत्रपणे, दुसरीचा विचार न करता, विमानं सोडता-उतरवता येत नाहीत. तिसरी टाकायला जागा नाही. वाळवंटाच्या कडेला बांधलेल्या विमानतळाला शहराने चहूबाजूंनी वेढलंय, आपल्या सांताक्रूझसारखंच. २०१९ मध्ये एक आणि २०२२ मध्ये दुसरी धावपट्टी दुरुस्तीसाठी ४५-४५ दिवस बंद होती, तेव्हा कित्येक उड्डाणं जेबेल अलीकडच्या अल मक्तूम विमानतळावर हलवली होती. हा दुसरा विमानतळ २०१० मध्ये फक्त कार्गोसाठी उघडला, प्रवासी २०१३ पासून. सुरुवातीला कामानिमित्त मी तिकडे जायचो तेव्हा रस्त्याला दोन्हीकडे वाळू आणि वाळूच. एप्रिल २०२४ मध्ये त्याच्या मोठ्या विस्ताराला मंजुरी मिळाली: १२८ अब्ज दिरहमचं टर्मिनल, पाच समांतर धावपट्ट्या, शेवटी वर्षाला २६ कोटी प्रवाशांची सोय. सगळा कारभार तिकडे हलवायचा बेत आहे.

त्यामुळे होतं काय, की नवा माणूस महिनाभरात एखाद्या एजंटच्या हाती लागतो. "सर, नवा एअरपोर्ट तिकडे येतोय, आत्ताच फ्लॅट बुक करा." माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं काहीही बुक करू नका. नोकरी टिकते का, कंपनी तुम्हाला शहराच्या कोणत्या टोकाला टाकते, बायको-मुलं येणार का, हे आधी ठरू द्या. विमानतळाजवळच्या देऱ्यात ऑफिस असलेल्या माणसाने जेबेल अलीच्या पुढे घर घेणं म्हणजे रोज पन्नासेक किलोमीटर एका बाजूला. विमानतळ येईल तेव्हा येईल, हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो.

भाड्याने राहायला मी कुसैस, नाहदा, करामा हीच नावं सांगतो. कुसैस-रशिदियात विमानांचा आवाज येतो, खोटं कशाला बोला. पहिल्या आठवड्यात झोप मोडते. नंतर इतकी सवय होते की करोनात आभाळ गप्प झालं तेव्हा आमच्या हिला झोप लागेना. शारजात भाडं कमी, पण सकाळी दुबईकडे येणारी गर्दी एकदा अनुभवा आणि मग ठरवा. शिवाय दुबईहून टॅक्सीने शारजात शिरलात की मीटरवर वीस दिरहम वर चढतात.

टॅक्सीवरून आठवलं. विमानतळावरच्या रांगेतल्या टॅक्सीचा मीटर पंचवीस दिरहमपासूनच सुरू होतो, तेव्हा दचकू नका, कोणी फसवत नाहीये. दारात येऊन "टॅक्सी, टॅक्सी" करणाऱ्याच्या मागे मात्र जायचं नाही. गुलाबी टपाची टॅक्सी बायकांसाठी, चालवणारीही बाई असते. एकटी मुलगी रात्री उतरणार असेल तर तिला हे आवर्जून सांगा. मेट्रो स्वस्त आणि छान. टर्मिनल १ आणि ३ ला रेड लाईनचं स्टेशन आहे. पण रात्री बारानंतर ती बंद (शुक्रवारी एकनंतर), आणि रविवारी सकाळी आठशिवाय सुरू होत नाही. एक मोठी आणि एक लहान एवढ्याच बॅगा चालतात. टर्मिनल २ ला मेट्रो नाही. ग्रीन लाईनवर 'एअरपोर्ट फ्री झोन' नावाचं स्टेशन आहे, त्या नावाला भुलून कोणी उतरतं आणि मग बॅगा ओढत बसतं. मेट्रोत खाणं-पिणं, च्युइंगगम सगळं बंद, शंभर दिरहम दंड आहे.

पोचल्यावर घरी व्हॉट्सॲप कॉल लावाल आणि तो लागणार नाही. फोन बिघडलेला नसतो, इथे ते चालत नाही. मेसेज जातो, व्हॉइस नोट जाते. आईला हे निघायच्या आधी सांगून ठेवा, नाहीतर ती रात्रभर जागी राहील. बोलायला इथली मंडळी बॉटिम नावाचं ॲप वापरतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. खसखस आणायची नाही. मसाल्याच्या पुडीत, डिंकाच्या लाडवात, कशातही नाही. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारी ही वस्तू इथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. "थोडीशीच आहे" हे कारण चालत नाही. आमच्या आईला हे पटवायला मला दोन दिवाळ्या लागल्या. अनारसा खसखशीशिवाय कसा करायचा, यावर तिचं म्हणणं सोपं होतं: मग करूच नये. शेवटी एका वर्षी डबा उघडला तर अनारशांवर पांढरे तीळ, आणि वर चिठ्ठी: "तुझ्या शेखला सांग, तीळ आहेत."

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या आणि मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्या यांना इथल्या सरकारची आधी ऑनलाइन परवानगी लागते. नेहमीची बीपी-शुगरची औषधं असली तरी डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन सोबत ठेवा. सुट्या गोळ्या स्टीलच्या डबीत भरून आणायची सवय आपल्या ज्येष्ठांना असते, ती मोडा.

व्हिजिट व्हिसावर या, इथे लावून देतो, असं कोणी सांगितलं तर येऊ नका. त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला सरकारी मंजुरी हवी, असा शेरा) असेल तर नोकरीसाठी निघताना भारतातच ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलची मंजुरी लागते, ती नसेल तर मुंबईतच अडवतात. आमच्या वेळी पासपोर्टमध्ये व्हिसाचे गुलाबी स्टिकर चिकटवायचे, २०२२ पासून ते बंद झालं. आता एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, हेच सर्वस्व. ते एकदा हातात आलं की परतीच्या वेळी स्मार्ट गेटमधून चालत बाहेर, शिक्का नाही, काही नाही.

परतीच्या तिकिटात एक खोच असते. मुंबईची बरीच उड्डाणं मध्यरात्रीनंतरची. तिकिटावर १२ तारीख, ००:४० लिहिलं असेल तर घरातून ११ ला रात्री निघायचं. १२ ला रात्री बॅगा घेऊन पोचलेले दोन सुशिक्षित इंजिनिअर मी स्वतः घरी परत आणलेत. आणि आता दोन्हीकडे दोन-दोन विमानतळ झालेत: इकडे जुना डीएक्सबी आणि अल मक्तूमचा डीडब्ल्यूसी, तिकडे मुंबईचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. बुकिंग करताना कोडची तीन अक्षरं वाचा. ठाण्याच्या माणसाला पनवेलच्या अंगाला सोडलं तर तो भाडं तुमच्याकडून घेईल.

पावसाबद्दल नवीन माणूस विचारत नाही, पण सांगतो. १६ एप्रिल २०२४ ला इथे ७५ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस पडला. टॅक्सी-वेवर पाणी, विमानं त्यातून होडीसारखी सरकत होती, हजाराहून अधिक उड्डाणं रद्द. आमच्याकडे तीन दिवस चार अनोळखी मराठी माणसं मुक्कामाला होती, कोणाच्या तरी ओळखीच्या ओळखीने आलेली. तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो: हातातल्या बॅगेत एक जोडी कपडे, चार्जर, दोन दिवसांची औषधं आणि इथल्या एका तरी माणसाचा नंबर कागदावर लिहिलेला असू द्या. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

घ्यायला येणाऱ्याला विमान टेकल्याबरोबर फोन करू नका. बॅगा पट्ट्यावरून हातात आल्या की करा. पार्किंगचे पैसे त्याच्या खिशातून जातात, आणि चष्मा असेल तर दारातून बाहेर पडताना जरा थांबा, काचांवर वाफ धरते, समोर हात हलवणारा मी तुम्हाला दिसणार नाही.