परदेशातून दत्तक: वाट पाहताना फाईल ताजी ठेवायची कशी (माझा अनुभव)

दत्तकाच्या कागदपत्रांची फाईल तिकडच्या देशात पोहोचली की बोलावणं येईपर्यंत आपल्या हातात काही नाही, असं वाटतं. पण कागद शिळे होतात ते याच काळात. पोलिस क्लिअरन्स, मेडिकल फिटनेस, पगाराचा दाखला यांना बहुतेक देश ठरावीक महिन्यांचीच मुदत देतात. आपल्याकडे गृह अध्ययन अहवाल (दत्तक घेणाऱ्यांच्या घरची परिस्थिती पाहून केलेला अहवाल) तीन वर्षं चालतो म्हणून निर्धास्त राहू नका.

प्रत्येक कागदाची तारीख आणि त्या देशाची मुदत एका वहीत लिहा, नूतनीकरण दोन महिने आधी सुरू करा. नाशिकला नोटरी एका दुपारी होते. वेळ खातं ते त्यापुढचं राज्याचं साक्षांकन आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का. अपोस्टिल झालेल्या कागदाची पिन झेरॉक्ससाठीसुद्धा काढू नका.

सगळ्यात जास्त अडतं नावावर. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, पदवीवर माहेरचं आडनाव. तिकडच्या न्यायाधीशांना या तीन वेगळ्या बायका वाटतात. ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र करून त्यालाही अपोस्टिल घ्या, आणि भाषांतर त्यानंतरच करा, म्हणजे शिक्क्यांचंही होतं.

परतीचं तिकीट बदलता येणारंच काढा. मूल परदेशी पासपोर्टवर येणार असेल तर भारतीय दूतावासाकडून एंट्री व्हिसा लागतो, शिवाय दूतावासामार्फतच गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची मंजुरी. काराच्या (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या) पत्राच्या साक्षांकित प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.