शागास झालेलं हृदय कसं सांभाळायचं

मी लॉस एंजेलिसमध्ये हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची नर्स आहे. शागास हा लॅटिन अमेरिकेतला, किड्यामार्फत अंगात शिरणाऱ्या परजीवीचा आजार. तो आपल्याकडे बघायला मिळत नाही, त्यामुळे इथे नव्याने आलेल्या मराठी नर्स या रुग्णांसमोर गोंधळतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषधं आणि डोस डॉक्टरच ठरवणार. लक्ष कुठे ठेवायचं ते आपल्या हातात असतं.

रुग्ण कुठे वाढला, हे सगळ्यात आधी विचारा. बोलिव्हिया, एल साल्वाडोर, मेक्सिकोतल्या एखाद्या खेड्यात, मातीच्या घरात लहानपण गेलं असेल तर सावध व्हा. ‘शागास’ म्हटल्यावर नाही म्हणणारी बोलिव्हियाची बाई ‘विंचुका’ म्हटल्यावर लगेच सांगते, हो, भिंतीच्या भेगांत असायच्या. हा किडा रात्री चावतो, तिथेच विष्ठा टाकतो आणि खाजवताना ट्रिपॅनोसोमा क्रूझी हा परजीवी अंगात शिरतो. मग वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. हृदय दुखावल्याचं कळतं ते बहुतेकदा दोन-तीन दशकांनी.

दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या अँटिबॉडी चाचण्या पॉझिटिव्ह आल्या तरच निदान पक्कं. ईसीजीत राइट बंडल ब्रँच ब्लॉक आणि जोडीला लेफ्ट अँटिरिअर फॅसिक्युलर ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटा दोन ठिकाणी अडलेल्या, दिसला की मला शागास आठवतोच. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या कप्प्याचं टोक फुगलेलं आहे का, तिथे गुठळी आहे का, हे बघायला सांगा. त्या गुठळीमुळेच पक्षाघात होऊ शकतो.

आता औषध. परजीवीवर बेन्झनिडॅझोल देतात, साधारण 60 दिवस. घरच्यांना वाटतं, जंतू मेला की हृदय बरं होणार. खोटी आशा लावू नका. 2015 साली निकाल आलेल्या ‘बेनिफिट’ नावाच्या औषध-चाचणीत, हृदय आधीच बिघडलेल्यांच्या रक्तातला परजीवी या औषधाने कमी झाला, पण हृदयाच्या आजाराची वाटचाल काही थांबली नाही. औषध चालू असेल तर अंगावर पुरळ, हातापायांना मुंग्या आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी यांवर नजर ठेवा. दारू पूर्ण बंद. गरोदरपणात हे औषध सहसा देत नाहीत.

हृदयाला सूज आहे म्हणून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड किंवा आयब्युप्रोफेन घेणारे रुग्ण असतात, त्यांना कळकळीने समजवा. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की परजीवी पुन्हा डोकं वर काढू शकतो. आयब्युप्रोफेनने अंगात पाणी साठतं.

खरी मेहनत रोजची आहे. सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं, पाय सुजले, झोपल्यावर दम लागला, की लगेच फोन. बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या गोळीआधी मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, या रुग्णांचा ठोका मध्येच चुकतो. नाडी 50 च्या खाली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, कारण शागास हृदयातली वीजवाहक यंत्रणाच पोखरतो. चक्कर येऊन पडणाऱ्या रुग्णाला ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी पाठवणं मला अजिबात मान्य नाही. त्याला त्याच दिवशी इमर्जन्सीत न्या. पुढे पेसमेकर लागेल की डिफिब्रिलेटर (जीवघेणा ठोका शॉक देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र), ते डॉक्टर ठरवतील.

आणि रुग्ण बाई असेल तर तिच्या मुलांची तपासणी करून घ्या, ती अमेरिकेत जन्मलेली असली तरी. हा आजार आईकडून बाळाला जातो. पहिल्या वर्षात उपचार झाले तर बाळ जवळजवळ नक्की बरं होतं. लग्नाच्या वयाची मुलगी पॉझिटिव्ह आली तर गरोदर राहण्याआधीच तिचा औषधाचा कोर्स पूर्ण करून घ्या.