मकाऊच्या 'व्हेनिशियन'मध्ये सहकुटुंब राहताना

हाँगकाँगजवळच्या मकाऊ या चीनच्या प्रदेशात कोताई नावाचा जो भाग आहे, तो तायपा आणि कोलोआन या दोन बेटांमधला समुद्र भरून तयार केलेल्या जमिनीवर वसलेला आहे. 'द व्हेनिशियन' हे हॉटेल तेथे ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाले. सुमारे तीन हजार खोल्या, खाली अवाढव्य कॅसिनो आणि वरच्या मजल्यावर व्हेनिसच्या धर्तीवर बांधलेले कालवे, पूल व दुकानांच्या रांगा एवढा पसारा एकाच छताखाली असल्याने येथील मुक्कामाची आखणी घरूनच करून निघावे, असे मी आग्रहाने सांगेन, विशेषतः बरोबर ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले असतील तर.

आपल्याकडून जाणारे बहुतेक प्रवासी हाँगकाँगमार्गे जातात. हाँगकाँगहून फेरीबोटीने साधारण तासाभरात मकाऊ गाठता येते, तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ५५ किलोमीटर लांबीच्या सागरी पुलावरून बसही धावतात आणि त्या रात्रीही मिळतात. ज्यांना बोट लागते त्यांनी बसच घ्यावी. मकाऊहून हाँगकाँगला परतणे हा नवा प्रवेश धरला जातो, म्हणून भारतीय पारपत्रधारकांनी हाँगकाँगची ऑनलाइन पूर्वनोंदणी आणि मकाऊचे त्या वेळचे प्रवेशनियम तिकीट काढण्याआधी तपासून घ्यावेत. मे ते नोव्हेंबर या काळात वादळे येतात आणि वादळाच्या इशाऱ्याचा आठ क्रमांकाचा बावटा लागला की बोटी थांबतात व पूलही बंद होऊ शकतो. त्यामुळे पावसाळ्यात जाणार असाल तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच हाँगकाँगला पोहोचणे शहाणपणाचे ठरते. बंदरावर उतरल्यावर टॅक्सी शोधण्याची गरज सहसा पडत नाही, कारण मोठ्या हॉटेलांच्या मोफत बस तेथे उभ्या असतात.

खोली साधारणपणे दुपारी तीननंतर ताब्यात मिळते. खोलीच्या भाड्यात सेवाशुल्क आणि कर धरले आहेत का, हे आरक्षण करतानाच विचारावे. अशा हॉटेलांत अनामत रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात. ती डेबिट कार्डावर अडकली तर खात्यात परत यायला बरेच दिवस लागू शकतात, म्हणून त्यासाठी क्रेडिट कार्ड द्यावे. येथील नेहमीची खोलीही सुमारे ७० चौरस मीटरची असते आणि तिचा बैठकीचा भाग पलंगाच्या भागापेक्षा दोन-तीन पायऱ्या खाली असतो. दिसायला हे सुरेख आहे, परंतु रात्री अंधारात उठणाऱ्या आजी-आजोबांसाठी त्याच पायऱ्या धोक्याच्या ठरतात. पहिल्याच संध्याकाळी त्यांना हाताला धरून त्या दाखवाव्यात आणि रात्री एक दिवा चालू ठेवावा. भिंतीवरील प्लग तीन चौकोनी पिनांचा असल्याने अडॅप्टर बरोबर न्यावा.

या इमारतीत वाट चुकणे अगदी सहज घडते. कालव्यांवरच्या छतावर रंगवलेले आकाश दिवसरात्र तसेच राहते, खिडक्या दिसत नाहीत, आणि जेवायची वेळ टळून गेल्याचे पोट सांगेपर्यंत कळत नाही. आपली लिफ्ट कोणत्या विंगेत आहे आणि बस कोणत्या लॉबीतून सुटते, या दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाने कागदावर लिहून खिशात ठेवाव्यात, तसेच हरवल्यास भेटण्याची एक जागा ठरवावी. कालव्यातल्या गोंडोलाची, म्हणजे व्हेनिसच्या पद्धतीच्या लांबट नावेची, फेरी लहान असली तरी नावाडी खरोखर गळा मोकळा करून गातो, आणि मुलांचे चेहरे पाहण्यासाठी तरी ती एकदा घ्यावी.

कॅसिनोत २१ वर्षांखालील व्यक्तीला प्रवेश नाही, त्यामुळे मुलांना घेऊन जाताना बाहेरच्या वाटेने वळसा घालावा लागतो. दारावर वय विचारले जाऊ शकते, म्हणून पारपत्र जवळ असू द्यावे. आत छायाचित्रे काढू नयेत. खेळायचेच असेल तर गेली तरी चालेल एवढीच रोख रक्कम खिशात घेऊन कार्ड खोलीच्या तिजोरीत ठेवावे, हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुकानांत हाँगकाँग डॉलर चालतात, पण सुटे पैसे अनेकदा पटाका या स्थानिक चलनात मिळतात आणि ते हाँगकाँगमध्ये चालत नाहीत; ते मकाऊतच खर्च करावेत.

शाकाहारी मंडळींनी हॉटेलातीलच 'द गोल्डन पिकॉक' या भारतीय उपाहारगृहात आधी जागा राखून ठेवावी. प्रसिद्ध पोर्तुगीज टार्टमध्ये, म्हणजे गोड सारण भरलेल्या छोट्या खुसखुशीत वाटीत, अंडे असते, हे आठवणीने विचारात घ्यावे. एका सकाळी मात्र हॉटेलातून चालत तायपाच्या जुन्या गल्ल्यांत जावेच. मकाऊचा कारभार १८४४ पर्यंत गोव्यातील पोर्तुगीज सत्तेच्या अधीन होता, आणि गोव्यात खाल्लेले सेरादुरा, म्हणजे बिस्किटांच्या चुऱ्याचे थर दिलेले ते गार पुडिंग, येथेही मिळते.

निघण्याच्या दिवशी सकाळी अकराच्या आत खोली सोडावी लागते. बोट किंवा बस संध्याकाळची असेल तर सामान हॉटेलच्या सामानकक्षात ठेवावे, पावती जपावी, आणि सामानकक्षापासून बस सुटण्याच्या लॉबीपर्यंतच्या चालण्यासाठी वीस मिनिटे वेगळी राखून ठेवावीत.